बाजारात बुडालेले कन्सोल आणि माळ्यावरची खारी हवा

९ सप्टेंबर १९९९ ला सेगा या जपानी कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, अमेरिकेत विक्रीला आला आणि पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख नग खपले. पुढे सतरा महिनेही पुरते भरले नाहीत, तोच ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं की मार्चअखेरीस उत्पादन बंद. जगभर मिळून ९१ लाखांच्या आसपास ड्रीमकास्ट विकले गेले. त्याच काळातल्या सोनीच्या प्लेस्टेशन २ ने पंधरा कोटींचा आकडा ओलांडला.

हिशोबाच्या वहीत हा विषय इथेच संपतो. पण पंचवीस वर्षांनंतरही ड्रीमकास्टसाठी नवे गेम लिहिले जातात, त्याचे सुटे भाग नव्याने तयार होतात आणि कंपनीने बंद केलेले ऑनलाइन खेळ चाहत्यांनी स्वतः सर्व्हर उभारून चालू ठेवले आहेत. सेगाचाच सॅटर्न, अटारीचा लिंक्स आणि जॅग्वार, पडदा अंगातच असलेला व्हेक्ट्रेक्स यांचंही थोड्याफार फरकाने असंच झालं. कोकणात रत्नागिरी-दापोलीकडच्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर किंवा आखातात नोकरीला असायची. त्यांच्या बॅगेतून आलेलं असलं एखादं यंत्र माळ्यावर, जुन्या पेटीत सापडू शकतं. ते बाजारात का पडलं, तरी लोकांना का आवडतं आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत जिवंत कसं ठेवायचं, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

कन्सोलचा धंदा साधा दिसतो, पण तसा नाही. यंत्र बहुतेक वेळा अगदी कमी नफ्यात, कधी चक्क तोट्यात विकलं जातं. कमाई होते गेमवर. दुसऱ्या कंपनीने त्या यंत्रासाठी गेम विकला की प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम यंत्र बनवणाऱ्याला मिळते. म्हणजे यंत्र स्वस्त, तर ते जास्त घरांत. जास्त घरांत, तर गेम लिहिणाऱ्यांना गिऱ्हाईक. गेम जास्त, तर आणखी घरं यंत्र घेणार. हर्णैच्या बंदरात नौका कितीही चांगली बांधलेली असो, किनाऱ्यावर बर्फ नसेल आणि लिलावाला व्यापारी आले नाहीत, तर तांडेल दुसऱ्या दिवशी ती दर्यात नेणार नाही. नौकेच्या बांधणीत काही खोट नसते. कन्सोलच्या बाबतीत बर्फ म्हणजे किंमत आणि व्यापारी म्हणजे गेम लिहिणाऱ्या कंपन्या.

हे चाक कुठे अडकतं, ते प्रत्येक यंत्रात वेगळं दिसतं. १९९३ मध्ये ३डीओ नावाचा कन्सोल ६९९ डॉलरला आला. आराखडा एका कंपनीचा, यंत्र बनवणार पॅनासॉनिकसारख्या दुसऱ्या कंपन्या. गेमवरची रॉयल्टी आराखडेवाल्यांकडे जायची, त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याला यंत्रावरच नफा काढावा लागला आणि तोटा सोसून किंमत उतरवण्याची वाटच बंद झाली. खेळण्याला दोष नव्हता, करारात होता.

अटारी लिंक्सचं आणखी वेगळं. १९८९ मध्ये रंगीत, आतून उजळणारा पडदा हातात धरता येत होता आणि डावखुऱ्यांसाठी यंत्र उलटं धरायचीही सोय होती. पण किंमत जवळजवळ १८० डॉलर आणि सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपायचे. निन्टेंडोचा गेमबॉय त्याच्या निम्म्या किमतीत, चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. पडदा मात्र काळपट हिरवा. खेळणाऱ्या मुलाच्या खिशाला काय परवडतं, यानेच निकाल लागला. आज दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून बघा. सेलचा खर्च आता कोणाच्या लेखी नाही, कारण रिचार्ज होणारे सेल आहेत, अ‍ॅडाप्टर आहेत. लिंक्सचा रंगीत पडदा मात्र अजून रंगीतच आहे.

या विषयातली कळीची गोष्ट हीच. बाजारात पाडणारी कारणं बहुतेक करून नाशवंत असतात: त्या वर्षीची किंमत, त्या वर्षीचा प्रतिस्पर्धी, दुकानदारांची नाराजी, सेलचा खर्च. यंत्राचे गुण त्यामानाने टिकाऊ. पंचवीस वर्षांत पहिली कारणं वाळूसारखी वाहून जातात आणि खाली जे उरतं त्याच्याशी लोक खेळतात.

सॅटर्न: एक रहाट, दोन पोहरे

सॅटर्नवर थोडं थांबायला हवं, कारण त्यात दोष आणि गुण एकाच खिळ्याला टांगलेले आहेत.

जपानमध्ये तो २२ नोव्हेंबर १९९४ ला आला आणि तिथे बरा चालला. अमेरिकेत तो सप्टेंबर १९९५ मध्ये यायचा होता. पण ११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने अचानक सांगितलं की यंत्र आजपासूनच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. ज्या दुकानांना माल मिळाला नाही ती दुखावली. ज्यांचे गेम सप्टेंबरसाठी तयार होत होते त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर आला, ‘२९९’ एवढाच आकडा बोलला आणि खाली उतरला. त्याआधी जेमतेम सहा महिने सेगाने जुन्या मेगा ड्राइव्हवर बसवायचं ३२एक्स नावाचं जोडयंत्र १५९ डॉलरला विकलं होतं. ते घेतलेल्या गिऱ्हाइकाला नवं यंत्र बघून फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. विश्वास उडाला की जाहिरातीने परत येत नाही.

आता आतली रचना. सॅटर्नमध्ये हिताचीचे एसएच-२ जातीचे दोन प्रोसेसर आहेत, २८.६ मेगाहर्ट्झचे, आणि चित्रासाठी वेगळ्या दोन चिप. दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, असं वाटतं. पण दोघांना मेमरीकडे जायची वाट एकच. विहिरीवर दोन पोहरे आणि रहाट एक, अशी गत. एक पाणी काढतो तोवर दुसरा उभा. दोघांच्या कामाची वाटणी गेम लिहिणाऱ्याने हाताने, नीट विचार करून करायची आणि बहुतेकांकडे तेवढा वेळ नव्हता.

दुसरी अडचण आकारांची. त्रिमितीय चित्र म्हणजे लहान-लहान सपाट तुकड्यांची भिंत. प्लेस्टेशन ती त्रिकोणांनी रचायचा. सॅटर्न चौकोनांनी, आपल्या जांभ्याच्या चिऱ्यांसारखी. बाकी सगळ्या जगाची हत्यारं त्रिकोणाची होत गेली, त्यामुळे एकाच गेमची दोन्ही यंत्रांवरची आवृत्ती काढताना सॅटर्नची बाजू लंगडी पडायची.

पण हाच चौकोन म्हणजे मुळात ताणता, फिरवता, लहान-मोठा करता येणारं सपाट चित्र. द्विमितीय खेळात तो हुकमी पत्ता ठरतो. दुसरी चित्र-चिप मागचे देखावे एकावर एक थर लावून सरकवते. त्यात ४ मेगाबाइटची जादा मेमरी असलेली कॅसेट खोचली की आर्केडमधले, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरचे, कॅपकॉम कंपनीचे मारामारीचे खेळ जवळजवळ एकही हालचाल न गाळता घरात येतात. प्लेस्टेशनवरच्या त्याच खेळांत पात्रांच्या हालचाली कापलेल्या दिसतात. द्विमितीय मारामारी आणि विमानांचे खेळ यांत त्या पिढीत सॅटर्नच्या तोडीचं घरगुती यंत्र नाही, असं आमचं ठाम मत आहे. ज्या रचनेने त्याला बाजारात खाली ओढलं, तिच्यासाठीच आज लोक त्याला शोधतात.

आवडण्याची बाकीची कारणं

सगळेच पडलेले कन्सोल लाडके होत नाहीत, हेही सांगायला हवं. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ मध्ये आला. डोळ्यांना लावून लाल-काळं त्रिमितीय चित्र बघायचं, मान वाकवून टेबलावर बसायचं. सुमारे पावणेआठ लाख नग विकून वर्षभरात तो बंद पडला. त्याच्यासाठी सगळे मिळून २२ गेम निघाले. त्याच्याबद्दल कुतूहल भरपूर आहे, पण रोज संध्याकाळी त्याच्यावर खेळणारा माणूस विरळा. प्रेम टिकायला निदान आठ-दहा खरोखर चांगले गेम लागतात.

दुसरं कारण कुलुपाचं. ड्रीमकास्टचे गेम जीडी-रॉम नावाच्या, सुमारे १ जीबीच्या खास तबकडीवर येत. पण संगीताच्या सीडीवर चित्रं-मेनू दाखवण्यासाठी सेगाने मिल-सीडी नावाची वेगळी सोय ठेवली होती. त्या दारातून घरी भरलेली साधी सीडीही यंत्र चालू करते, हे २००० मध्ये लोकांच्या लक्षात आलं. नकली प्रतींनी सेगाचं नुकसान नक्कीच झालं, पण ड्रीमकास्ट पडण्याचं खापर त्यावर फोडणं आम्हाला पटत नाही. प्लेस्टेशन २ मध्येच डीव्हीडी प्लेअर होता, गेम काढणाऱ्या ईए या मोठ्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही आणि सेगाच्या तिजोरीत आधीच्या यंत्रांनी खड्डा पाडला होता. आज मात्र तेच उघडं दार नव्या गेम लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतं. वेगळी चिप न लावता, कोणाची परवानगी न मागता त्यांचा गेम साध्या सीडीवरून चालतो. २००० च्या अखेरीनंतर बनलेल्या काही यंत्रांत ही सोय काढलेली आहे, तेवढं विकत घेताना तपासा.

जॅग्वारला तर दार उघडून मिळालं. १९९३ चा हा कन्सोल अडीच लाखांच्या आतच खपला. पुढे अटारीचे हक्क हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे गेले आणि १९९९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जॅग्वारसाठी कोणीही गेम काढावा, परवाना नको. त्याच्या कवचाचे साचेसुद्धा वाया गेले नाहीत. दातांचे फोटो काढणारं उपकरण बनवणाऱ्या एका कंपनीने ते विकत घेतले. ज्या यंत्रातून कंपनीला आता काहीच मिळवायचं नसतं, ते लोकांच्या हातात पडतं आणि तिथेच रुळतं.

मीठ, पाणी आणि तांबं

आता कोकणातला खरा शत्रू. पुण्यात पेटीत पडून राहिलेला कन्सोल आणि मालवणात पडून राहिलेला कन्सोल दहा वर्षांनी उघडला तर आतून सारखा दिसत नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. किनाऱ्याला लागून असलेल्या घरात ते सर्वांत जास्त, आत जाल तसे झपाट्याने कमी. साध्या मिठाचा एक गुण लक्षात ठेवा: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं मीठ पाझरतं ते यामुळेच. सर्किट बोर्डावर मिठाचा अदृश्य थर असेल तर मृगापासून गणपतीपर्यंत तिथे खारं पाणी पसरलेलं असतं. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले असतील, समजा सोन्याचा मुलामा आणि कथील, तर त्यांच्यात सेलसारखी क्रिया सुरू होऊन एक धातू खाल्ला जातो. तांब्यावर हिरवी पूड दिसली की क्रिया बरीच पुढे गेलेली असते. दुरुस्तीवाले ज्याला ‘कार्बन आलाय’ म्हणतात तो बहुतेक वेळा कार्बन नसतो, असला गंज असतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बोर्ड नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. मीठ त्या अल्कोहोलात जवळजवळ विरघळतच नाही. तेल, चिकटपणा निघतो आणि मीठ तसंच राहतं. योग्य क्रम असा: बॅटरी, स्पीकर, तबकडीचा ड्राइव्ह, पंखा हे सगळं सोडवून बाजूला ठेवायचं. मग मोकळा बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं. बाटलीत आम्ल नाही ना, हे लेबल वाचून खात्री करा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यात स्वतःचे क्षार असतात. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल ओतून पाणी हुसकायचं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते या कामाला नको. पावसाळ्यात बोर्ड उघड्यावर वाळत नाही, म्हणून तासभर पंख्याखाली ठेवून मग सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या मण्यांच्या) बंद डब्यात दोन दिवस. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या गाळाच्या पाण्यात भिजलेल्या यंत्रालाही हीच पद्धत, फक्त धुणं दोन-तीनदा. भिजलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून कधीही लावू नका. पुरात बुडालेला पॉवर सप्लाय घरी दुरुस्त न करता सरळ बदला.

कॅसेटचे पाय पितळी ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं महिनाभरात काळं पडतं. कापसाची काडी आणि अल्कोहोल पुरेसं. फारच काळे असतील तर पांढरा मऊ खोडरबर एकदा, हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा झटकून टाका. लहानपणची फुंकर मारायची सवय सोडलेली बरी. फुंकरीने गेम चालू झाल्यासारखा वाटतो कारण कॅसेट काढून पुन्हा नीट बसते, पण तोंडातली वाफ पायांवर गंज धरते.

ठेवायची जागा. कौलांखालचा माळा सर्वांत वाईट. उन्हाळ्यात तिथे भट्टी असते आणि ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढलेल्या तापमानाला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या भागाचं, आयुष्य निम्मं होतं. चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. आगोटीची कामं निघतात तेव्हाच हेही उरकून घ्या: यंत्र तासभर चालवून आतून कोरडं करायचं, सेल काढायचे, रबरी झाकणाच्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं. वीस लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल घाला. आत एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ५० च्या खाली राहील असं बघा. रंग बदलणारे मणी घेतले तर कळतं केव्हा भरले ते. ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कोरडे होतात. निळे मणी असतील तर त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, ते अन्नाच्या ओव्हनमध्ये तापवू नका. नारिंगी घेतलेले बरे. तांदूळ भरून ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याने ओल फारशी जात नाही आणि किडे होतात. डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ काही जातींचं प्लास्टिक मऊ करते.

हातात धरायच्या यंत्रांतले पाझरणारे कपॅसिटर

सेगाचा गेम गिअर १९९० चा. त्यातले पृष्ठभागावर बसवलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत कंडेन्सर, जवळजवळ प्रत्येक नगात पाझरलेले असतात. आवाज जातो, चित्र फिकट होऊन तिरकं बघितल्यावरच दिसतं आणि शेवटी यंत्र चालूच होत नाही. सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर सुक्या मासळीसारखा वास आला तर निदान पक्कं. तो वास सांडलेल्या इलेक्ट्रोलाइटचा.

सगळे कपॅसिटर एकदम बदला, एक-एक करून नाही. मुख्य, आवाजाचा आणि वीजपुरवठ्याचा अशा तिन्ही बोर्डांचं तयार किट मिळतं. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. जुना कपॅसिटर पकडीने पिळून उपटलात तर खालची तांब्याची पट्टीही निघून येते, म्हणून दोन्ही पायांना पुरेसं नवं सोल्डर देऊन, आळीपाळीने तापवून उचला. आणि एक फसवी खूण: इलेक्ट्रोलायटिकवरचा काळा पट्टा ऋण टोक दाखवतो, टँटॅलम जातीच्या कपॅसिटरवरची रेघ मात्र धन टोक. उलटा बसलेला टँटॅलम पेट घेऊ शकतो. आतल्या पडद्यामागची नळी उच्च दाबावर चालते, सेल लावलेले असताना तिथे बोट नको. सेगा-निन्टेंडोच्या त्या काळच्या यंत्रांना ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे खास गेमबिट पाने लागतात. साध्या पकडीने स्क्रू झिजवू नका.

ड्रीमकास्ट खाली काढल्यावर

पहिल्यांदा यंत्र उलटं करून व्होल्टेज वाचा. आखातातून आलेलं असेल तर बहुधा २२० ते २४० व्होल्टचं, सरळ चालेल. जपानी बंदरातून बोटीवरच्या माणसाने आणलेलं असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेचं १२०. धोका असा की तिन्हींना टेपरेकॉर्डरची तीच आठ-आकारी वायर बसते. १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलं की पॉवर सप्लाय त्याच क्षणी जातो. त्यांना स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, १०० व्हीएचा भरपूर होतो. सॅटर्नलाही हाच नियम.

खेळता-खेळता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं, ही ड्रीमकास्टची ठरलेली तक्रार. दोष बहुतेक वेळा पॉवर सप्लाय आणि मुख्य बोर्ड जोडणाऱ्या सहा पिनांवरच्या गंजाचा. वायर काढून दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो. बाजूचा मोडेम ओढून काढा, खालचे चार स्क्रू सोडा (एक मोडेमच्या जागी लपलेला असतो), वरचं कवच उचला. डावीकडची पॉवर सप्लायची पाटी स्क्रू काढून सरळ वर ओढा. पिना अल्कोहोलने चमकेपर्यंत पुसा, पाटी दोन-तीन वेळा बसवून काढा. तरी तक्रार राहिली तर पिना अगदी किंचित एका बाजूला वाकवल्या की पकड घट्ट होते. डब्ल्यूडी-४० मारू नका, त्याचा तेलकट थर धूळ आणि मीठ धरून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

चारही रिमोट एकदम बंद असतील तर पुढच्या छोट्या बोर्डावर ‘एफ१’ लिहिलेला भाग मल्टीमीटरने तपासा. यंत्र चालू असताना रिमोट काढ-घाल केली की तो उडतो. तिथे नुसती तार जोडू नका, पुढच्या वेळी बोर्डावरची वाट जळेल.

घड्याळाची बॅटरी सोल्डर केलेली असते आणि ती रिचार्ज होणारी, एमएल२०३२ जातीची आहे. दुकानातली साधी सीआर२०३२ तिच्या जागी बसवली तर यंत्र तिला चार्ज करायला बघतं आणि ती फुगते. होल्डर लावून त्यात एमएल२०३२ घाला. रिमोटमधल्या व्हीएमयू मेमरीत मात्र साध्या सीआर२०३२ दोन लागतात. त्या संपल्या तरी सेव्ह केलेला खेळ जात नाही, फक्त सुरू होताना कर्कश बीप वाजते. सॅटर्नमध्ये उलट आहे: मागच्या झाकणाखालची सीआर२०३२ संपली की सगळं सेव्ह केलेलं जातं. ती दर वर्षी गणपतीच्या आधी बदलायची, असं ठरवून टाका.

तबकडी वाचत नसेल तर आधी लेन्स सुक्या कापसाने हलकी पुसा. लेसरच थकलेला असेल तर ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड वाचणारा जीडीईएमयू नावाचा बोर्ड बसतो. दमट हवेत फिरणारा भागच राहत नाही, म्हणून कोकणात तो खरोखर फायद्याचा आहे. पण ड्राइव्ह काढल्यावर १२ व्होल्टच्या वाटेवर भार उरत नाही आणि पॉवर सप्लाय जास्त तापतो, तेव्हा पंखा स्वच्छ ठेवा. टीव्हीसाठी पिवळ्या वायरपेक्षा व्हीजीए केबल घ्या. बहुतेक गेम त्यातून ४८० रेषांचं स्वच्छ चित्र देतात. बंदुकीचे खेळ खेळायचे असतील तर जुना काचेच्या नळीचा टीव्ही भंगारात देऊ नका. ती बंदूक पडद्यावर सरकणाऱ्या किरणाची वेळ मोजते आणि सपाट टीव्हीत तसा किरणच नसतो.

कित्येक वर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा लावताना वायरमनकडचा सीरिज बोर्ड वापरा, म्हणजे यंत्राकडे जाणारी वीज आधी बल्बातून जाते. त्यात ६० वॅटचा साधा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. तसाच भगभगीत राहिला तर लगेच बंद करून पॉवर सप्लाय बघा. पावसात विजा कडकडत असतील किंवा लाईट ये-जा करत असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी. बल्ब मंदावला की सीरिज काढून सरळ प्लग लावा. पडद्यावर गोल भोवरा येईल, जपानच्या यंत्रावर नारिंगी, युरोपच्या यंत्रावर निळा. त्यानंतर यंत्र तारीख विचारेल. घड्याळाची बॅटरी मेलेली असल्यामुळे आधीपासून भरलेली दिसेल ती २७ नोव्हेंबर १९९८, म्हणजे जपानच्या दुकानांत ड्रीमकास्ट पहिल्यांदा आला तो दिवस. बाण दाबून आजची तारीख भरा आणि तबकडी घाला.